दोनाचे सात

यतीन मूळचा नाशिकचा, विजेचा इंजिनिअर. सौदीतल्या अबकैकजवळच्या एका सल्लागार कंपनीत त्याची अकरा वर्षं गेली. विजेची नवी लाइन कुठून न्यायची आणि तिचा खर्च कोणी किती उचलायचा, याचे अहवाल तो लिही. त्याचा आकडा चुकत नाही, असा त्याचा लौकिक होता.

गावाबाहेर छोट्या कारखान्यांची एक वसाहत होती. तिच्या शेजारी सौरऊर्जेची मोठी कंपनी आली. तिची वीज बाहेर न्यायची, तर वसाहतीचं सबस्टेशन वाढवणं भाग होतं. कारखान्यांना मात्र जुनंच आणखी दहा वर्षं पुरलं असतं. ज्याच्यासाठी वाढवायचं त्यानेच खर्च करावा, असा साधा न्याय. यतीनने तसंच लिहिलं.

सौर कंपनी हे मोठं गिऱ्हाईक. त्याचे साहेब इंद्रनील यांनी अहवाल परत सरकवला. "कारखान्यांची मागणी वर्षाला दोन टक्के वाढेल म्हणतोस. सात धर. म्हणजे सबस्टेशन सगळ्यांच्याच गरजेचं ठरेल."

"सर, सात कुठून आणू?"

"अंदाजच आहे ना? अंदाजाला पुरावा कोण मागतो?"

यतीनच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली होती आणि तो वाढवणं साहेबांच्या हातात होतं. त्याने दोनाचे सात केले. तेवढ्याने दोन तृतीयांश खर्च कारखान्यांच्या माथी गेला.

वसाहतीत समजावून सांगायला त्यालाच धाडलं. कारखानदार कुरकुरू लागले, तेव्हा मोहियुद्दीनचाचा उठले. दापोलीकडचे, तीस वर्षं इथे बर्फाचा कारखाना चालवणारे. यतीनच्या खांद्यावर हात ठेवून ते सगळ्यांना म्हणाले, "ये हमारे मुल्क का लड़का है. इसका हिसाब ग़लत नहीं होता." संमतीच्या कागदावर पहिली सही त्यांनीच केली, मागोमाग बाकीच्या बारा जणांनी. यतीन खाली मान घालून कागद गोळा करत राहिला. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर सोसल्या असत्या.

तीन दिवस त्याला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी तो बर्फाच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला.

"चाचा, तो आकडा खोटा आहे."

"चुकून पडला?"

"नाही. जाणूनबुजून घातला. मीच."

मोहियुद्दीनचाचांनी हातातला, बर्फ ओढायचा लोखंडी आकडा खाली ठेवला. सुटलेली बर्फाची लादी घसरत भिंतीला जाऊन टेकली. "अरे, त्या बारा जणांनी कागद कुठे वाचला? माझं तोंड बघून सह्या केल्या त्यांनी." मग पायांत चपला सरकवत म्हणाले, "चल. त्यांना सांग. मी येतो, पण बोलायचं तू."

ते प्रत्येक फाटकापर्यंत सोबत आले आणि तिथे गप्प उभे राहिले. यतीनने बारा वेळा तेच सांगितलं. सवयीने सोपं होईल असं वाटलं होतं, झालं नाही. वेल्डिंगवाल्या जलालने विचारलं, "सातच का? पाच का नाही?"

यतीनचे कान तापले. "पाच करून पाहिले होते. पाचाने काम भागत नव्हतं."

जलाल आत निघून गेला.

शुक्रवार-शनिवारची सुटी संपून रविवारी कार्यालयं उघडताच यतीनने दोन्ही हिशोब आणि आपल्या सहीचं कबुलीपत्र मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे दिलं. फेरतपासणीत बहुतेक खर्च सौर कंपनीकडे गेला. यतीनची नोकरी गेली. निघण्याआधी तो वसाहतीत एकदा जाऊन आला. कोणी त्याचे आभार मानले नाहीत. मानले असते, तर त्याला तिथे क्षणभरही उभं राहवलं नसतं.