कनवटीची जागा

ऐंशीच्या दशकात बेलफास्टला आमच्या शेजारी एक पोलीस राहायचे. तिथे दहशतवाद्यांमुळे ड्यूटी संपली तरी पोलिसाच्या जिवाला धोका असे, म्हणून ते साध्या कपड्यांतही पिस्तूल बाळगत. एकदा पाठ धरली म्हणून आमच्याकडे आले. माझा नवरा हाडांचा डॉक्टर. त्याने शर्ट वर करायला लावला, तर पिस्तूल थेट मणक्यावर!

"असे घसरून पडलात तर कायमचे अंथरुणाला खिळाल," नवरा कडाडला.

मग चहाबरोबर चर्चा रंगली. काखेत ठेवलं तर उकाड्यातही कोट काढता येत नाही. घोट्याला बांधलं तर काढायला वाकावं लागतं. पोटाशी खोचलं तर बसल्यावर नळी आपल्याच मांडीवर.

मी हे पुण्याहून आलेल्या सासूबाईंना मराठीत सांगत होते. त्या वैतागल्या. "अगं, कनवटीला लाव म्हणावं! माझी किल्ली कधी हरवलीय?" आणि कमरेशी लुगड्यात खोचलेली किल्ली त्यांनी चाचपली.

मी ते इंग्रजीत सांगितलं, तसे शेजारी हसले. "किल्ली तिथे आहे हे मला केव्हाच कळलं. त्या सारखा तिथे हात लावतात. जागा कुठलीही असो, हात गेला की संपलं."

नव्वदच्या दशकात तिथलं वातावरण निवळलं. सासूबाई पुन्हा आल्या होत्या. शेजारी पिस्तूल घरी ठेवून, नुसत्या शर्टावर आमच्या बागेत आले. बोलताना त्यांचा हात सारखा कमरेकडे जात होता.

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "होतं तेव्हा कधी हात लावला नाही मेल्याने, आणि आता नाही तर चाचपतोय!"