चिंचणीचा ठसा आणि सफाळ्याचे मास्तर

चिंचणीचं निमंत्रण मी आधी नाकारणारच होतो. तेव्हा मी मुंबईच्या एका साप्ताहिकात नोकरीला होतो. शनिवार हा माझा आठवड्यातला एकमेव झोपेचा दिवस, आणि बोलावलं होतं नेमकं शनिवारी. पण सुटका नव्हती. वसईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात राहून कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांसाठी तिथलं एक वाचनालय दरवर्षी पुरस्कार द्यायचं, आणि त्या वर्षीच्या तीन परीक्षकांत मी होतो. शेवटी उरलेली दोन्ही पुस्तकं मी वाचून ठेवली होती. निकाल टपालाने कळवलेला चालत नसे. परीक्षकांनी गावात यायचं, समोरासमोर भांडायचं आणि मग ठरवायचं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि जानेवारीतली थंडी होती. पिशवीत दोन्ही पुस्तकं टाकून निघालो.

विरारला गाडी बदलून डहाणूकडे जाणारी शटल धरली. आजही हा प्रवास करणार असाल तर डाव्या हाताची खिडकी घ्या. वैतरणेचा पूल, मग खाडीचं पाणी, मिठागरं आणि मधूनमधून भात कापून झालेली मोकळी खाचरं. आपण मुंबईच्या इतक्या जवळ आहोत हे तिथं खरं वाटत नाही.

सफाळ्याला एक उंच, किडकिडीत गृहस्थ चढले आणि माझ्या समोरच्या बाकावर बसले. त्यांच्या शेजारी बसलेले गृहस्थ ओळखीचे निघाले. पालघरच्या कचेरीत कामाला असावेत.

"काय मास्तर, आज चिंचणी?"

"चिंचणी."

"यंदा तरी देतायत का तुम्हाला? का परत भाषणच?"

मी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. परीक्षकांची नावं समारंभापर्यंत गुप्त असत, त्यामुळे मास्तर मला ओळखणं शक्य नव्हतं. मी मात्र त्यांना ओळखलं. पिशवीतल्या दोन पुस्तकांपैकी एक त्यांचं होतं.

इथे चिंचणीची एक रीत सांगायला हवी. निकाल लागला की जो हरतो त्याने जिंकलेल्याच्या पुस्तकावर बोलायचं. त्यामुळे दोघेही लेखक एकमेकांचं पुस्तक वाचून, भाषण तयार करून यायचे. जिंकलेल्याचं भाषण खिशातच राहायचं. मास्तर याआधीही शेवटच्या दोघांत आले होते आणि दर वेळी हरले होते. मुंबईत मला कोणी तरी सांगितलं होतं, की लोक मास्तरांचं भाषण ऐकायला सायकली हाणत येतात.

"मिळू दे, नायतर नको मिळू दे," मास्तर शेजाऱ्याला म्हणत होते. "इतकी पुस्तकं लिवली. पेपरात दोन ओळी येतात, 'पुस्तक मिळाले' म्हणून. कुणी तरी माझं पुस्तक नीट वाचून, उभं राहून बोललेलं एकदा ऐकायचंय. जिंकणाऱ्याला ते ऐकायला मिळतं. मला तेवढंच हवंय."

"आणि नाय मिळालं तर?"

"तर पुढं लिवायचं नाय. हे शेवटचं."

शेजारी पालघरला उतरले. गाडी तिथे बरीच थांबायची, म्हणून मीही खाली उतरून फलाटावर चहा आणि गरम बटाटेवडा घेतला. मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला विचारलं, "अहो, माझ्यासाठी एक चहा आणाल?" मी आणला. त्यांनी पैसे पुढे केले, मी नको म्हणालो, आणि लगेच मनात आलं की परीक्षकाने उमेदवाराला चहा पाजणं नियमात बसत नसणार. मग पैसे घेतले. त्यांना माझी गंमत वाटली असावी.

बोईसरला उतरलं की हवा बदलते. कारखान्यांचा आंबूस वास, सायकलींची रांग, आणि स्टेशनबाहेर "तारापूर-चिंचणी, एक सीट, चलो चलो" असा ओरडा. मी मुद्दाम एसटी घेतली. तिकीट किरकोळ, आणि सगळं नीट बघता येतं. एकामागून एक कारखाने, मग एकदम ताडाची झाडं, तारापूरचा जुना किल्ला, आणि त्यानंतर चिंचणी. गाव समुद्राला लागून आहे. एका बाजूला मच्छीमारांची वस्ती, दुसऱ्या बाजूला वाड्या, आणि मधल्या गल्ल्यांतून बारीक टकटक ऐकू येते. दागिन्यांचे ठसे कोरणारे कारागीर या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पितळी किंवा पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा ठोकून दागिना उठवतो.

वाचनालयाचे कार्यवाह भाऊ हे त्यांतलेच एक. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोटांच्या टोकांना काळे डाग.

"आमच्याकडं शाल-श्रीफळ नाय हा साहेब," त्यांनी आल्या आल्याच बजावलं. "आमी ठसा देतो. पुस्तकाचं नाव कोरून. तुमी निकाल सांगा, मी कोरायला बसतो. संध्याकाळी हातात."

माडीवर आम्ही तिघे परीक्षक बसलो. जेवण तिथेच आलं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण आणि हंडीत पाला घालून वाफवलेली उकडहंडी. तिच्यातल्या वालपापडीची आणि कोनफळाची चव अजून आठवते. हिवाळ्यात गेलात तर कुणाच्या तरी वाडीवर आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही.

दुसरं पुस्तक सुनंदाताईंचं होतं. मूळच्या कोल्हापूरकडच्या, नवरा बोईसरच्या कारखान्यात. वसाहतीतल्या बायकांच्या कथा होत्या, पहिलंच पुस्तक. मास्तरांची कादंबरी डोंगरातल्या जानकीची. भात कापून झालं की तिचं सगळं कुटुंब वीटभट्टीवर जायचं. शेवटच्या प्रकरणात ट्रक रस्त्यावर उभा आहे, सगळे चढलेत आणि जानकी उंबऱ्यावर बसली आहे.

एक परीक्षक मास्तरांच्या बाजूने, एक सुनंदाताईंच्या. मी तिसरा.

गाडीत ऐकलेलं मी त्या दोघांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निकाल दयेवर लागला असता, आणि ते मास्तरांना चाललं नसतं असं मला वाटलं. सुनंदाताईंचं पुस्तक अधिक चांगलं होतं. थोडंसंच, पण होतं. मी तसं म्हणालो. भाऊंना वर बोलावून नाव सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि ते खाली गेले.

मी पाय मोकळे करायला बाहेर पडलो. भाऊंच्या कारखान्यासमोर चहाची टपरी होती आणि तिथल्या बाकावर मास्तर बसले होते. आजूबाजूला गावातली चार-पाच माणसं, सगळी गप्प. मला आधी कळेना. मग टपरीवाला हळूच म्हणाला, "ऐकतायत."

आतून छिन्नीची टकटक येत होती. मास्तरांच्या कादंबरीचं नाव पाच शब्दांचं, सुनंदाताईंच्या पुस्तकाचं दोन अक्षरांचं. गावाला सवय झालेली होती. भाऊ किती वेळ कोरतात त्यावरून निकाल आधीच कळायचा.

"मोठं नाव ठेवलंत मास्तर," एकजण म्हणाला, "रात होईल कोरायला."

"होऊ दे. मी बसलोय."

ठोके पडत राहिले. मास्तरांनी दुसरा चहा मागवला. तो अर्धा झाला असेल तेवढ्यात ठोके थांबले. नंतर कानशीने घासल्याचा आवाज आला, म्हणजे काम संपलं.

कुणी मास्तरांकडे पाहिलं नाही. त्यांनी उरलेला चहा संपवला, पिशवीतून घडी घातलेले कागद काढले आणि भाषणाच्या पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. "हात-तोंड धुऊन येतो," म्हणाले.

समारंभ वाचनालयाच्या अंगणात, उन्हं कलताना झाला. मच्छीमार वस्तीतल्या बायका बाजार उरकून पाट्यांसकट आल्या होत्या. सुनंदाताई ठसा हातात घेऊन अवघडून बसल्या. मास्तर उभे राहिले.

"या कथांत कुणीही 'माझं गाव सुटलं' असं म्हणत नाय," त्यांनी सुरुवात केली. "पण बघा, यातली प्रत्येक बाई स्वतःच्या खोलीत शिरताना दाराशी क्षणभर थांबते. पाहुणी थांबते तशी. लेखिकेनं हे एकदाही सांगितलेलं नाय. तिनं फक्त दार लिवलंय."

सुनंदाताईंनी मान वर केली. आपण असं लिहिलंय हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. मास्तर पुढे बोलत राहिले, कुठे कथा घसरते तेही सांगितलं, आणि कुणी जागचं हललं नाही. संपल्यावर पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मास्तर, तुमी हरता तवाच बरं बोलता!"

"म्हणून तर जिंकू देत नाय मला," मास्तर म्हणाले. सगळं अंगण हसलं. ते खाली बसले तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो हसत नव्हता.

परतीच्या एसटीत मास्तर, सुनंदाताई आणि मी असे तिघे होतो. आता मी परीक्षक असल्याचं उघड झालं होतं, म्हणून जरा मागे बसलो. मास्तर माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "चहाचे पैसे घेतलेत ते बरं केलंत." तारापूर मागे पडलं तशी सुनंदाताई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मास्तर, मीबी भाषण आणलंय. तुमच्या पुस्तकावरचं."

"ते खिशात ठेवायचं असतं. रीत आहे."

"रीत वाचनालयाची. ही एसटी हाय."

"ताई, भाषण करा," कंडक्टर म्हणाला, "पण आधी तिकीट घ्या."

तिकीट घेऊन त्यांनी कागद उलगडला. बस इतकी खडखडत होती की त्यांना जवळजवळ ओरडावं लागत होतं. पहिलं पान स्तुतीचं होतं. मास्तर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग सुनंदाताई म्हणाल्या, "राग मानू नका. पण शेवटचं प्रकरण मला पटलं नाही."

मास्तरांनी झटकन मान वळवली. "का नाय पटलं?"

"जानकी मागं कशी राहील? घरात दाणा नाही. बाई अशी बसून राहत नसती. तुम्हाला ती उंबऱ्यावर छान दिसली म्हणून बसवलीत."

"छान दिसली म्हणून?" मास्तरांचा आवाज चढला. "तुम्ही आधीचं प्रकरण नीट वाचलंत का?"

"दोनदा वाचलं."

"मग त्यातलं ते कोंबडीचं?"

"कोंबडीवरच येतेय मी, थांबा की!"

बोईसर स्टेशनवर पोचलो तरी त्या कोंबडीवरच होत्या. सुनंदाताईंचं घर स्टेशनच्या मागेच, पण त्या आमच्याबरोबर फलाटावर आल्या. शटल आली. मी चढलो आणि दारातून मास्तरांना हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढं," मास्तर म्हणाले. "पाठची गाडी आहे ना. यांचं व्हायचंय अजून."

गाडी हलली तेव्हा सुनंदाताई बाकावर कागद पसरून एका ओळीवर बोट ठेवत होत्या आणि मास्तर जोरजोरात मान हलवत होते. नाही, नाही, असं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं काय झालं. मी म्हणालो, बोंबील चांगले होते. दुसऱ्या दिवशी मास्तरांचं पुस्तक पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचलं ते निकाल द्यायला, हातात पेन्सिल घेऊन. आता शेवटचं प्रकरण नुसतं वाचलं. मला सुनंदाताईंचं पटलं नाही. जानकी मागे राहते, कारण ती दमली आहे. उपाशी माणूसही दमतो. हे मी मास्तरांना पत्राने कळवलं, अभिनंदन-सांत्वन असलं काही न लिहिता.

उत्तर लगेच आलं, चार पानी. सुरुवातीलाच लिहिलं होतं: सुनंदाताई चुकल्या आणि तुम्हीही चुकलात. जानकी मागे राहते असं तुम्हाला कोणी सांगितलं? ट्रक अजून सुटलेला नाही. पुन्हा वाचा. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, नव्या कादंबरीची दोन प्रकरणं झाल्याचं होतं.