न्हाणीतला पंप

पाणी उताराला जातं, एवढं शहाणपण माणूस जन्मतःच घेऊन येतो. मी तर मोडनिंबकडच्या शेतकऱ्याची लेक, पाटाचं पाणी वळवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पण सोलापुरात सासरी आले आणि ते शहाणपण चुलीत गेलं. आमच्या घरापुढच्या रस्त्यावर दरसाल मुरूम पडे. रस्ता वर येत गेला आणि आमची न्हाणी तळघरात जाऊन बसली. अंघोळीचं, धुण्याभांड्याचं सगळं पाणी तिथल्या दगडी खड्ड्यात साचायचं. ते बादलीनं उपसून, अकरा पायऱ्या चढून, बाहेर गटारात ओतायचं. कुणी? घरात सून असली की हा प्रश्न कुणाला पडत नाही.

आदल्या वर्षी त्याच पायऱ्यांवर दोन भरल्या बादल्यांसकट मी मटकन खाली बसले. पाचवा महिना होता. मूल गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा आनंदाच्या आधी मला त्या पायऱ्या आठवल्या.

आमचे हे गिरणीत फिटर होते. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आता या वयात कुठं सुरुवात करू? बोलण्यात भारी कंजूष माणूस. एका रविवारी त्यांनी जुन्या बाजारातून बिडाचा छोटा हातपंप आणला. माझ्या कमरेएवढाही नव्हता. तो न्हाणीच्या भिंतीला बसवला, एक नळी खड्ड्यात सोडली, दुसरी झरोक्यातून बाहेर काढली. दांडा पाच-सहा वेळा हलवला. नळीत गुरगुर झाली आणि वर रस्त्याकडे पाणी पडल्याचा आवाज आला.

मी जपून वर गेले. आमचंच साबणाचं पाणी, कुणीही न उचलता, गटारात भसाभसा पडत होतं. पाणी चढ चढत होतं! मला रडू फुटलं. मी हात जोडले, देवाला की त्या नळीला, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या दिवशी भाकरी करपल्या आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

"उद्या नळीच्या तोंडाला जाळी बसवतो," एवढंच हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि सासूबाई ताट घेऊन खाली आल्या. आमच्याकडे नव्या विहिरीची ओटी भरतात.

"पंप म्हंजे विहिरीचीच लेक की," त्या म्हणाल्या. "लेकीला तसंच ठेवायचं व्हय?"

त्यांनी खण दांड्याला बांधला. तांदूळ आणि सुपारी खड्ड्यात सोडली. मीही भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं.

मग सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. मी दांडा धरला, चारदा हलवला, आणि तो असा अडला की हलेना. खड्डा काठोकाठ भरला. पाणी पलीकडच्या ज्वारीच्या पोत्यांकडे सरकू लागलं. हे संध्याकाळशिवाय येणार नव्हते. सहावा महिना लागला होता. मी बादली भरली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"ठेव ती खाली!" सासूबाई ओरडल्या.

"आत्याबाई, पोती भिजतील."

"भिजू दे की! ज्वारी लई मिळंल."

त्यांनी माझ्या हातातून बादली हिसकली. मग ही सोवळ्याओवळ्याची बाई, जी न्हाणीच्या पाण्याचा शिंतोडा उडाला तरी पुन्हा अंघोळ करायची, गुडघे टेकून बसली आणि त्या घाण पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. नळीचं तोंड चाचपलं. बोटं वाकडी करून काहीतरी उपटलं. त्यांची सुपारी होती.

मला हसू आलं, पण त्यांच्याकडे पाहून ते गिळलं. त्या उठल्या आणि स्वतःच दांडा मारायला लागल्या. पाणी वर चढू लागलं. आदल्या दिवशी मी जशी पाहत होते, तशाच त्या आता तोंड उघडं ठेवून त्या नळीकडे पाहत होत्या.

"तुज्या आधी मीच उपसत हुते," दांडा न थांबवता त्या म्हणाल्या. "माजी दोन गेली. लोक म्हनले, नशिबात न्हवती. मला बी तसंच वाटलं."

खड्डा रिकामा झाला. पंप नुसतीच हवा ओढू लागला. तरी त्या दांडा सोडेनात.