दिवसाढवळ्या छापा

श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत, दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, आमच्या ओसरीवर रविवारी दुपारी एक खेळ चाले. त्याला नाव नव्हतं. शहाबादी फरशीवर खडूने किल्ला काढायचा: तीन बाजूंना उभे कडे, चौथीकडे दरवाजा, मधोमध पाण्याचं टाकं. चिंचोके म्हणजे माणसं. शेजारचे मास्तर भिंतीला टेकून बसत आणि गडावर काय घडतंय ते सांगत. ज्याने त्याने आपली माणसं काय करतात ते बोलायचं. जमलं की फसलं, ते कवड्या ठरवत.

छाप्याचा नियम मास्तरांचाच. हल्ला करणाऱ्याने बेत त्यांच्या कानात सांगायचा. मग गडवाल्यासाठी चार कवड्या पडत. निदान दोन उताण्या पडल्या तर पहाऱ्याला चाहूल लागली. नाही लागली तर हल्ला करणाऱ्याला एक मोकळा डाव मिळे. त्या डावात गडवाल्याला हात उचलता येत नसे.

कवड्या टाकायचं काम माझ्या बहिणीचं होतं. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. खेळायला मागितलं की थोरला भाऊ म्हणे, "तू कवड्या टाक. तुझा हात चांगला आहे." एका रविवारी तिने कवड्या फरशीवर ठेवल्या.

"एक डाव दे, दादा. हरले तर पुन्हा ओसरीवर येणार नाही."

"आणि जिंकलीस तर?"

"माझे चिंचोके वेगळे. कायमचे."

कारखान्यातला एक फिटर आमच्यात खेळायला येई. तो हसला. "ताई, दादांचा गड लई कडक हाय. कशाला ओसरी घालवताय?"

"तुम्ही कवड्या टाका," ती म्हणाली.

दादाने सगळे पहारेकरी कड्यांवर लावले. आम्ही सगळेच तसे लावत असू. शाळेत ऐकलेल्या प्रत्येक लढाईत शूर माणसं कडा चढूनच येत. दरवाजाकडे कुणाचं लक्ष नसे.

बहिणीने मास्तरांच्या कानात बेत सांगितला. मास्तरांनी चष्मा पुसला.

"रात्र सरली," ते म्हणाले. "कड्यावर कुणी आलं नाही. उजाडल्यावर दरवाजाशी कडब्याच्या गाड्या आल्यात. आत घ्यायच्या?"

"कडबा?" फिटर म्हणाला. "घ्या की! औंदा सोनं मिळंल, पर कडबा न्हाई मिळायचा."

"येऊ दे आत," दादा म्हणाला.

मास्तरांनी कवड्या फिटरपुढे सरकवल्या. "टाका. चाहूल."

"आत्ता? कसली?"

"कडब्याखालून माणसं उतरताहेत."

एक कवडी उताणी पडली. तीन पालथ्या.

दादा ताठ बसला. "हे चालणार नाही. छापा रात्रीचा असतो. माझे पहारेकरी जागे आहेत."

"जागे आहेत, पण तोंडं कड्याकडे," बहीण म्हणाली. "पाठ दिवसाही पाठच असते, दादा."

"नियम रात्रीचा आहे."

"मास्तर, रात्र असं तुम्ही म्हणाला होतात?"

मास्तरांनी थोडा विचार केला. "नव्हतो म्हणालो. रात्री छापे पडतात असं आपणच धरून चाललो." मग दादाकडे वळून विचारलं, "गाड्या पाहून तुम्ही काय म्हणालात?"

दादाने दरवाजाच्या खडूच्या रेघेवर बोट फिरवलं.

"येऊ दे आत, म्हनले," फिटरने सांगून टाकलं.

"तुमी कुणाच्या बाजूचे हो?" दादाने त्याचीच बोली उचलून त्याला सुनावलं.

"मी कवड्यांच्या."

"छापा पडला," मास्तर म्हणाले. "मोकळा डाव तिचा."

त्या डावात तिने एकाही पहारेकऱ्यावर हात टाकला नाही. आपले चिंचोके उचलून गडाच्या मधोमध काढलेल्या पाण्याच्या टाक्याभोवती बसवले. कॉलनीत तेव्हा एक दिवसाआड नळ येत होता. त्या खेळीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. दादाने कड्यांवरची माणसं खाली आणली. टाक्याची वाट अरुंद होती, तिची माणसं आधीच तिथे होती. तीन वेळा त्याने वाट फोडायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा कवड्यांनी फसवलं. चौथ्यांदा कवड्या स्वतःच हातात घेतल्या, थोडा वेळ खुळखुळवल्या आणि न टाकता खाली ठेवल्या.

पुढच्या रविवारी ती स्वतःचे चिंचोके घेऊन आली. ओळखू यावेत म्हणून त्यांची एक बाजू दगडावर घासून पांढरी केली होती. दादाने पहिले दोन पहारेकरी दरवाजात उभे केले.

"कवड्या कोण टाकणार?" मी विचारलं.

"ज्याची पाळी तो," दादा म्हणाला आणि तिला बसायला जागा करून थोडा सरकला.