धुरपदाआक्काच्या नावावरचं कर्ज

मानवतजवळच्या एका गावात अंगणवाडीची खिचडी शिजवणाऱ्या धुरपदाबाईचा आवाज कुणी कधी चढलेला ऐकला नव्हता. आई गेली तेव्हा तिचा धाकटा भाऊ लिंबाजी रांगत होता. त्याला मांडीवर घेऊनच ती माहेरी, चारठाण्यात, भाकरी थापायला शिकली. लग्न होऊन सासरी आली तरी अर्धा जीव तिकडंच राहिला. बायका तिला चिडवायच्या, देवानं तुझं थोरलं लेकरू माहेरीच ठेवलं म्हणून.

मग बँकेनं घोळ घातला. तिचं मानधन जमा झालं की त्यातून हप्ता कापला जाऊ लागला. नवरा बन्सीधर चौकशीला गेला, तर समोरच्या साहेबानं मान वर न करताच सांगितलं, की बाईंनी वैयक्तिक कर्ज घेतलंय. धुरपदाबाईनं लेकरांची शपथ घेतली, की मी कर्जासाठी बँकेची पायरी चढलेच नाही. पण बाईच्या हातून पैसा गेला म्हटलं की तो माहेरीच गेला, हे आपल्याकडं पुराव्याशिवाय पटतं. बन्सीधरलाही पटलं. तो तडक चारठाण्याला गेला आणि परतला तो लढाई जिंकल्यासारखा.

"तुझ्या भावानं कबूल केलंय," तो म्हणाला. "म्हणला, मीच घेतले, मीच फेडतो."

धुरपदाबाईला वाटलं, लिंबानंच आपल्या नावावर परस्पर कर्ज काढलं असणार. ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्यानंच तिला तिच्या घरात खोटं पाडलं होतं. जिथं जास्त जीव लावावा तिथंच माणूस जास्त रुसतं. त्या भाऊबीजेला ती माहेरी गेली नाही.

लिंबाजीची कंबर गेली होती, म्हणून त्यानं ऊसतोड सोडली होती. दिवाळी झाली आणि त्यानं मुकादमाकडून ऊसतोडीची पुन्हा आगाऊ उचल घेतली, ती सगळी आक्काच्या गावी येऊन दाजींच्या हातावर ठेवली. धुरपदाबाई चुलीपासून हलली नाही. "आक्का, निघालो बरं का," असं तो उंबऱ्यातून म्हणाला. थोडा वेळ थांबला आणि गेला.

कारखान्याकडच्या उसाच्या फडात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना त्याचा पाय घसरला. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. दहाव्याला धुरपदाबाई गेली, ऊर बडवून रडली, पण मनातली अढी काही तिथंही सुटली नाही. आपल्या मेलेल्या भावावर राग धरून जगणं किती वाईट, ते तिलाच ठाऊक.

उन्हाळ्यात पूर्णेकडची दुसरी एक बाई बँकेत आली. नाव, आडनाव सगळं धुरपदाबाईसारखंच. भली बाई, माझा हप्ता कसा कापला जात नाही, हे विचारायला आली होती. तिचं कर्ज बँकेनं धुरपदाबाईच्या खात्याला जोडलं होतं. साहेबांनी पैसे परत केले आणि नजरचूक झाली म्हणाले. नजर त्यांची चुकली, जीव आमच्या माणसाचा गेला, आणि चहा पाजून त्यांनी विषय मिटवला.

लिंबाजीचे पैसे त्याच्या घरी पोचवायला नवरा-बायको चारठाण्याला गेले. त्याची बायको बायनाबाई हिला त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हंजी आक्का, तुमी कर्ज घेतलंच नव्हतं?"

"न्हाई गं. अन् लिंबानं कबूल तरी कशाला केलं?"

"त्यायला वाटलं, तुमीच घेतलंय. म्हणले, आक्काला कायतरी नड आसल, दाजींपासून लपवायलीय. तिनं मला वाढवलं, आता एवढं पांघरूण मी घालतो."

बन्सीधर उठून बाहेर गेला. धुरपदाबाईवरच्या मायेपोटी लिंबाजी खोटं बोलला होता आणि तिला कर्जदार समजूनच गेला होता.

"एकदा इचारायचं तरी होतं त्यानं मला," ती म्हणाली.

बायनाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी तरी त्यायला कुठं इचारलं, आक्का?"