काटा थांबेना

अंगणात मोहफुलं वाळायला घातली की त्या गोडसर वासानं मला मी नर्स होते ते धानोऱ्याकडचं आरोग्य उपकेंद्र आठवतं आणि एका जागी बसवत नाही. जाड गरोदर बायांच्या अंगातली चरबी मोजायचं काम तेव्हा आमच्याकडे आलं होतं. दंडाची कातडी यंत्राच्या चिमट्यात धरायची आणि काटा थांबला की आकडा वाचायचा. आमच्याकडे जाड बाई मिळणंच कठीण, म्हणून एक सासू आठवा महिना लागलेल्या सुनेला मिरवतच घेऊन आली. "पाहा बाई, मोहाचे लाडू चारले, कशी भरून राह्यली!" मी चिमटा लावला, पण काटा थांबेना, खाली सरकतच राहिला. पुन्हा लावला, तरी तेच. म्हणून पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला, तर पडलेला खड्डा भरेना. ही चरबी नव्हती, चिमट्याखाली दबत जाणारी सूज होती. रक्तदाब पाहिला, तो भलताच वाढलेला; लगेच गाडी बोलावली. सासू दारात आडवी आली. "दवाखान्यात काऊन? मोह वेचाले कोन जाईन?" "तुम्ही जा वेचायला, हिला मी नेते," म्हणत मी पोरीला गाडीत बसवलं आणि आता झटका येईल, मग येईल, या धास्तीनं गडचिरोलीपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिले. काही महिन्यांनी सासू बाजारात भेटली, कडेवर नातू. "तुमच्या चिमट्यानं माही सून वाळली, बाई! धरा आता तिचं पोट्टं," म्हणून तिनं ते माझ्याच हातात कोंबलं. तो आता शाळेत जातो. त्याची आई भेटली की मी अजूनही आधी तिचे पाय बघते, चेहरा नंतर.