सरक, मी लावते

आमच्या दवाखान्यात चांगली नर्स कोणती, हे ओळखणं सोपं होतं. जिला दुसऱ्या वॉर्डांतून बोलावणं यायचं, ती चांगली. मुलांच्या वॉर्डातल्या एका सिस्टरला ते रोज यायचं. म्हातारं माणूस असो की नुकतं जन्मलेलं बाळ, सलाईनसाठी शीर सापडेना की तिला फोन जायचा आणि ती जिना चढून धापा टाकत हजर व्हायची. बोटाने जरा चाचपायचं, सुई घालायची, आणि आईच्या डोळ्याला पदर लागायच्या आत चिकटपट्टी लावून मोकळी. या हातासाठीच तिला वॉर्डची इन्चार्ज केलं. आपल्याकडे बढतीची तऱ्हाच अशी आहे. एखादं काम कुणी उत्तम करतंय असं दिसलं की त्याला आधी त्या कामावरून उठवायचं.

मी तिथे मेट्रन होते. नव्या इन्चार्जना तयार करणं माझ्याकडे होतं. ड्युट्या लावणं, रजा नाकारणं, डॉक्टरांशी आवाज न चढवता भांडणं, हे सगळं शिकवता येतं. दुसरी बाई आपल्यापेक्षा वाईट काम करत असताना गप्प उभं राहायला शिकवणं मात्र महाकठीण. भल्याभल्या सिस्टर तिथे अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

हिला तर ते अजिबात जमेना. तिच्या हाताखाली नांदगावकडची, नुकतीच कोर्स संपवून आलेली एक मुलगी होती. कामाला वाघ, पण सुई हातात घेतली की तिला घाम फुटायचा. पहिला प्रयत्न चुकला की मागून आवाज यायचा, "सरक, मी लावते." मुलगी सरकायची. पुढे पुढे तर पहिला प्रयत्नही होऊ देईना. बाळाने नुसता सूर लावला तरी सरक.

मी तिला केबिनमध्ये बोलावून झापलं. "अगं, उद्या तू नसलीस तर काय करतील त्या?"

"मॅडम, माझ्या हाताने एकदाच टोचून होतंय, मग लेकराला दोनदा कशाला टोचू द्यायचं?"

तिला शिष्टपणा नव्हता, खुर्चीची हौस नव्हती. तिला लेकरांची दया यायची. त्यामुळेच मला तिचा जास्त राग यायचा. कामचुकार बाईवर निदान ओरडता तरी येतं.

त्या उन्हाळ्यात देवळाली कॅम्पहून येताना तिची स्कूटी खडीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. तिने घरीच बसायचं, पण वॉर्डात माणसं कमी होती, आणि इन्चार्जला हाताचं काय काम, असं वरून सांगण्यात आलं. मलाही मनातून बरंच वाटलं. म्हटलं, आता तरी ही तोंडाने काम करून घ्यायला शिकेल.

ती कामावर आली त्याच आठवड्यात सुरगाण्याकडून जीपने एक बाळ आलं. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेलं. डोळे खोल गेलेले, रडत होतं पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मुलांचे डॉक्टर थिएटरमध्ये अडकले होते. त्यांना निरोप गेला आणि तोवर सलाईन सुरू करायचं ठरलं. मुलीने सुई घातली. चुकली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा चुकली.

"सरक, मी लावते," सिस्टर म्हणाली.

मुलगी सवयीने बाजूला झाली. सिस्टर पुढे सरसावली आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या स्वतःच्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिली. मी शेजारीच उभी होते, पण खुर्चीत बसायला लागल्यापासून माझ्या हाताचा सराव कधीच गेला होता. शेजारच्या वॉर्डातून एकीला पळत आणलं. तिलाही जमलं नाही. जमणार कसं? तिच्याही वॉर्डाला हिलाच बोलवायची सवय लागलेली.

मुलगी पुन्हा पुढे झाली. सिस्टर तिच्या खांद्यावरून वाकून सांगायला लागली, "तिथे नाही गं. जरा वर. अशी नाही... अगं, लागते ना बोटाला!"

"काय लागतं, सिस्टर?" मुलीने विचारलं.

सिस्टरने तोंड उघडलं, पण तिला सांगता येईना. इतकी वर्षं तिच्या बोटांना जे कळत होतं, ते तिने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

बाळाचे पाय धरून बसलेली आई म्हणाली, "लय टोचलं, बाई. आता नका टोचू त्याला."

डॉक्टर धावत आले. त्यांनी पायाच्या हाडात सुई घालून सलाईन सुरू केलं. संध्याकाळी बाळ गेलं. "आणायलाच उशीर झाला होता," डॉक्टर म्हणाले, "आधी सुरू झालं असतं तरी सांगता येत नाही." ते खोटं बोलत नव्हते. पण सांगता येत नाही, हे ऐकून सिस्टरचा चेहरा जो झाला, तो मला अजून बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "मॅडम, मला इन्चार्ज नको. पूर्वीसारखी साधी नर्स करा."

"म्हणजे प्लास्टर निघालं की परत सगळ्यांच्या हातातल्या सुया काढून घ्यायला मोकळी?" मी म्हटलं. शब्द कडू होते, पण गिळावेत असं मला वाटलं नाही. ती निघून गेली.

दुपारी वॉर्डात गेले तर दोघी दिसेनात. ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. सिस्टरने आपला डावा हात टेबलावर पसरला होता आणि समोर ती मुलगी, हातात सुई. हातावर जागोजाग निळे डाग उठले होते.

"डोळे मीट. बोट फिरव. मऊ लागतं? दाबून सोडलं की परत फुगतं?"

"फुगतं."

"तीच शीर. आता घाल."

चुकली. मुलीने सुई काढली आणि रडायलाच लागली. "बस झालं ना, सिस्टर. हात बघा तुमचा. केवढं दुखत असेल."

सिस्टरने हात होता तिथेच ठेवला. "शेवटी शेवटी तर ते बाळ हात मागेसुद्धा घेत नव्हतं," ती म्हणाली. "मी कशाला घेऊ? घाल."